कुलूप लावलेली जाहिरात

आमच्या घरात मूर्खपणा करायचा असला की आधी मीटिंग होते. कागद येतो, पेन येतं, चहा होतो (तो मी करते), आणि मग सगळे मिळून रीतसर मूर्खपणा करतात. जाहिरातीचा व्हिडिओ नेटवर कुठे टाकायचा, यावर अशा तीन मीटिंगा झाल्या.

आमचा जीन्स शिवायचा गाळा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आहे. आठ मशिनी आणि पुढे दुकान. धंदा नवऱ्याचा, पाटीवर तरी तसंच लिहिलंय. कटिंग माझं. पंचवीस वर्षं कात्री माझ्या हातात आहे आणि तेवढ्या वर्षांत पूर्णपणे माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट एकच, भरल्या अंगाच्या बायकांची जीन्स. बाई खाली बसली की पॅन्ट मागून सरकते आणि ती बिचारी सारखा कुर्ता ओढत राहते. शेअर रिक्षात बघा, बँकेत बघा, तेच. मी मागची बाजू दोन बोटं उंच कापली, कंबरपट्टा दोन तुकड्यांत केला आणि बाजूला आतून इलॅस्टिक असं लपवलं की बाहेरून कळणार नाही. सात पॅन्टी वाया गेल्या. आठवी मी स्वतः घातली, मांडी घालून बसले, अख्खी मेथीची जुडी निवडली आणि उठले. पॅन्ट जागची हलली नाही. ही पॅन्ट माझी आहे, हे चार लोकांना कळावं एवढीच माझी हाव होती.

मीटिंगचे साहेब म्हणजे माझे दीर. आनंदनगरच्या कारखान्यात ऑफिसर होते, आता निवृत्त होऊन बदलापूरला असतात. कारखाना सुटला, ऑफिसरकी काही सुटली नाही. त्यांनी कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले.

"एक फुकटवालं आहे वहिनी. तिथे सगळी दुनिया जाते. दुसरं पैसेवालं. तिथे क्लास लोक जातात."

"मग दुनिया जाते तिथेच टाका की."

"तुम्हाला त्यातलं टेक्निकल कळायचं नाही."

नाही कळत बाबा. तर त्यांचं टेक्निकल असं, की फुकटवाल्यावर आपल्या व्हिडिओच्या आधी दुसऱ्याची जाहिरात लागते. "उद्या समजा समोरच्याचीच लागली तर?"

हे ऐकून नवऱ्याचा चेहराच पडला. समोरचा म्हणजे आमच्या समोरच्या गाळ्याचा मालक. नवऱ्याच्याच गावचा, एकाच बाकावर बसून शिकलेले दोघं. दिवसातून दोनदा एकत्र चहा पितात आणि एकमेकांच्या वाईटावर असतात. आमच्या गल्लीत हे चालतंच. इथे सकाळी नवा नमुना हँगरला लावला तर संध्याकाळी चार दुकानांत लटकतो. म्हणून नवा पीस वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, शटर अर्धं पाडून दाखवायचा, ही सगळ्यांची सवय. आणि अशी माणसं जाहिरात करायला निघाली होती! पैसेवाल्याला पासवर्ड लावता येतो, असं दिरांनी सांगितलं मात्र, नवऱ्याने टेबलावर हात आपटला. "बस! हेच पाहिजे. ज्याला आपण दाखवू, तोच बघणार."

आम्हाला कापड देणारा सिंधी व्यापारी तेव्हा दुकानातच होता. तो मला म्हणाला, "भाभी, शटर गिराके कौन दुकान चलाता है?" तो गेल्यावर नवरा म्हणाला, जळतो मेला. मी कप विसळायला गेले.

व्हिडिओत मीच बोलायचं ठरलं. दोनदा नको नको म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन आले, खोटं कशाला बोलू. दिरांनी शूटिंग केलं. "सगळं उलगडून दाखवा वहिनी, आपल्याला लॉक आहे ना!" मग मी पॅन्ट उलटी केली. इलॅस्टिक कुठे लपवलंय, पट्टा कुठे जोडलाय, सगळं दाखवलं. शेवटी म्हटलं, "आता खाली बसताना ओढावी लागणार नाही." ते वाक्य मला आदल्या दिवशी कणीक मळताना सुचलं होतं. फार आवडलं होतं.

मग बाहेरगावच्या पार्ट्यांना लिंक गेली आणि मागोमाग पासवर्ड गेला. हा एवढा लांब, त्यात आकडे काय, चिन्हं काय. बहुतेकांनी नुसते हात जोडलेले पाठवले. नागपूरची एक पार्टी म्हणाली, इतकी कटकट कोण करणार, फोटो पाठवा. नवऱ्याने बाणेदारपणे कळवलं, फोटो देणार नाही, कॉपी होते.

तरी एक दिवस दीर पेढे घेऊन आले. त्या पैसेवाल्यावर व्हिडिओ किती वेळा बघितला ते कळतं म्हणे. कोणीतरी एकाच माणसाने आठवडाभरात चौदा वेळा बघितला होता, आणि दर वेळी थांबवून थांबवून. "हा सिरियस माणूस आहे," दीर म्हणाले. "एक्सपोर्टवाला असणार." मीही भुलले. दोन पेढे खाल्ले.

पंधरा दिवसांनी फुकटवाल्यावर समोरच्याचा व्हिडिओ आला. भर गल्लीत उभा, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि हातात माझी पॅन्ट! उलटी करून इलॅस्टिक दाखवत होता. "आमची स्वतःची आयडिया," म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पुढचं मी बघितलंच नाही.

"अहो, त्याला पासवर्ड कुठून मिळाला?"

नवरा चष्मा शोधायला लागला. चष्मा डोळ्यांवरच होता.

"तो म्हणाला, व्हिडिओला कुलूप वगैरे काही नसतं. म्हटलं, बघ उघडून. त्याला लिंक पाठवली. नाही उघडला! मग म्हणाला, पासवर्ड टाकून तरी उघडतो का? म्हणून तो पण दिला."

कुलूप किती पक्कं आहे ते दाखवायला या गृहस्थाने किल्ली दिली! दिरांना फोन केला तर ते म्हणाले, "पण लॉक फेल गेलेलं नाही हं वहिनी." धन्य ती ऑफिसरकी. मी म्हटलं, आजच्या आज माझा व्हिडिओ फुकटवाल्यावर टाका. तर म्हणाले, "आता टाकला तर आपणच कॉपी केली असं दिसेल." एवढ्या सगळ्यात त्यांचं हे एकच बोलणं खरं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर दुकानात एक बाई आली. बदलापूरला शाळेत शिकवते म्हणाली. तिने मोबाईल पुढे केला, त्यात समोरचा पॅन्ट उलटी करत होता.

"काकू, समोर यांच्याकडे माझं माप संपलंय. तुमच्याकडे याची कॉपी मिळेल का?"

नवरा मान खाली घालून बिलबुकाची पानं उलटत बसला. मी तिच्या मापाची पॅन्ट काढून दिली. घालून आली, मी सांगितलं म्हणून खाली बसली, उठली, आरशात पाठ बघितली. तिचा चेहरा असा काही खुलला! पॅन्ट मूळची माझी आहे, असं मी सांगणार होते. पण या गल्लीत जो तो दुकानदार "असली माल आमचाच" म्हणतो, आणि पंचवीस वर्षं मीच त्यांना हसत आलेय. कोण विश्वास ठेवणार?

पॅन्टची घडी घालून मी पिशवीत ठेवली.

"बिनधास्त वापरा," मी म्हटलं. "आता खाली बसताना ओढावी लागणार नाही."

"हो," ती म्हणाली, "त्यांनी व्हिडिओत सांगितलंय तसं."