तटावरचं धुकं
घाणेरीचा पाला बोटांत चुरगळला गेला की मला अजिंक्यताऱ्याचा तट आठवतो. माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले. काचबिंदूने गेलेली नजर आता परत येणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात ते म्हणाले, "पोरी, तटाकडनं एक फेरी मारून आण मला." सकाळी आम्ही रिक्षानं वर गेलो आणि तटाच्या कडेकडेनं सावकाश चालू लागलो. वाटेवरची घाणेरी अंगाला घासून तिचा उग्र वास सुटत होता. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा दगडांवरून फिरत होता. बुरूज आला की ते थांबत आणि बोट करून सांगत, "ती खाली आपली पेठ. त्या अंगाला यवतेश्वर. दिसतंय नव्हं?" खाली दाट धुकं होतं, काहीच दिसत नव्हतं, पण त्यांचं मन मोडवेना. मी प्रत्येक वेळी "व्हय आण्णा" म्हणत राहिले. तिसऱ्या बुरुजावर ते म्हणाले, "धुकं हाय. मघापासनं गालाला गार लागतंय. मला दिसत न्हाई, तर तू तरी खरं सांगत जा." ते चिडले नव्हते, पण मी फार ओशाळले. मग जे होतं तेच सांगत गेले. तटाचा एक दगड निखळलाय, त्या फटीत पिंपळ उगवलाय, वाटेवर शेळ्यांच्या लेंड्या पडल्यात. ते म्हणाले, "आता कसं दिसाय लागलं." त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. अजूनही कुठं नव्या ठिकाणी उभी राहिले, की समोर काय आहे ते मी आधी मनातल्या मनात सांगून बघते.