आंदणाची भांडी अन् प्लॉटचं लायसन

बायांनो, आज डोस्कं तापलं म्हणून लिहून राहिली.

माझी नात शीतल अमरावतीत लायसन काढून प्लॉट विकते. आता ते लायसन नव्यानं करायचं हाये. त्यात इचारतात, तुमच्यावर केस हाये का? हाये. नवरा मारे, म्हणून ती अकोल्याहून माहेरी आली. येताना आंदणाची भांडी आणली, त त्यानं चोरीची केस ठोकली. भांड्याभांड्यावर देणारीचं, म्हणजे माझं नाव कोरलेलं हाये. तरी चोर माझी नात.

आज तिच्या प्लॉटच्या हापिसातला साहेब घरी आला. म्हणे, "आजी, तिले 'केस नाही' लिहू द्या. कोण पाहून राहिलं?"

मी म्हटलं, "पकडलं त लायसन कोणाचं जाईन? तुझं का?"

शीतल म्हणाली, "खरं लिहून लायसन गेलं, त परत नवऱ्याच्याच दारात जाऊ का?"

मी म्हटलं, "काहून जाशीन? खरं लिही. भांडी आजीनं देल्ली, हेही लिही. साक्षीले मी येईन."

तिनं लिहून धाडलं. आता लायसन राहते का जाते, कोणाले ठाऊक.

तिकडे तो मारणारा मजेत दुकानावर बसून राहिला. त्याच्यावर केस नाही, कारण ती माहेरी आली तवा आमच्या भावकीतले म्हणाले, "जाऊ द्या, घरचा मामला हाये."

तुमच्या घरी असं कोण म्हणते?