माझ्या रक्ताची नळी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनी रीत आहे. एखादा पदार्थ तांबड्या पेशींना किती इजा करतो हे पाहायचं, तर निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते आम्ही आपापसातच घेतो. त्या दिवशी एका सहकारी मॅडमचं घेतलं आणि माझं.

पदार्थ होता डांबरगोळ्यांच्या रसायनापासून शरीरात तयार होणारा. पेशी मिठाच्या पाण्यात धुतल्या, त्यात तो घातला, नळ्या अंगाइतक्या उबेत ठेवल्या आणि यंत्रात फिरवल्या. शाबूत पेशी तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. पेशी फुटल्या तर पाणी लाल होतं.

मॅडमच्या नळीतलं पाणी जवळजवळ नितळ होतं. माझ्या नळीतलं लालभडक.

"सर, धुताना घाई केलीत की," मॅडम हसल्या. "परत करा."

परत केलं. तेच आलं. मग डॉक्टरांकडून तपासून घेतलं. माझ्या पेशींना सांभाळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच कमी आहे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. मोठेपणी सहसा कळतही नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

माझा धाकटा भाऊ नऊ दिवसांचा होऊन गेला. मी सहा वर्षांचा होतो. थंडीचे दिवस. आईने ट्रंकेतून लग्नातली चादर काढून त्याला गुंडाळलं होतं. तो रडायचा थांबला तेव्हाही खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. सगळे कावीळ म्हणाले. आई दृष्ट म्हणाली, आणि पुढे त्याच्याविषयी बोललीच नाही.

गेल्या हिवाळ्यात बहीण बाळंतपणाला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरी आली. संध्याकाळी मी कॉलेजातून परतलो, तर जिन्यातच तो वास आला. ट्रंक उघडी होती. आईच्या मांडीवर तीच चादर होती.

"ही बाळाला नको," मी म्हणालो.

"का रं? सोलापुरात राहून लेकराला दुकानातनं इकत आणल्यालं ब्लँकेट घालू व्हय?"

"डांबरगोळ्यांचा त्रास होतो बाळाला."

"दादाला काय, पाण्यातबी विष दिसतं," बहीण म्हणाली.

आई हसली नाही. करमाळ्याकडची तिची बोली एरवी खणखणीत असते. आता शब्द हळू आले, नजर चादरीवर.

"त्याला बी हीच हुती," ती म्हणाली. "म्हणून गेला का त्यो?"

एवढ्याचीच मला भीती होती. माझी तपासणी झाल्यापासून दोन महिने मी उत्तर जुळवत होतो.

"त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, आई."

हे खरं होतं. पण माझं तपासलं होतं, ते मी बोललो नाही.

तिने ट्रंकेतल्या गोळ्या कागदात बांधून बाहेर नेऊन टाकल्या. मी बाळासाठी नवीन दुपटी आणली. आईच्या नकळत बहिणीला आणि तिच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. मुलगा झाला. सुखरूप आहे.

चादर आईने धुतली, गच्चीवर वाळवली, परत धुतली. परवा माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "बघ, गेला का वास?"

मला फक्त साबणाचा वास आला. "गेला," मी म्हणालो.

"मला येतोय की अजून," म्हणत तिने ती पुन्हा बादलीत बुडवली.