सालोमीबाईंच्या वाट्याचा देश

सालोमीबाई. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या लहानशा चर्चची झाडलोट करणाऱ्या सालोमीबाई. त्यांनी मला उचललं, हे आधी लिहून ठेवतो. काय झालं होतं ते मागून सांगतो. माझी आई म्हणते, कुणी केलेलं सांगायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं. दुखणं आधी सांगायला घेतलं की माणूस स्वतःसाठीच रडत बसतो आणि नाव राहून जातं.

आता दुखणं. मी जतकडचा, पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा. आठवीत शाळा सुटली आणि बोअर मारणाऱ्या गाडीवर हेल्पर म्हणून लागलो. गाडी जमिनीला भोकं पाडत गोंदियापर्यंत आली आणि तिथं मला कावीळ झाली. गाडी पुढं छत्तीसगडात गेली, मी मागं राहिलो. अंगात ताप, ओळखीचं कुणी नाही, आणि भाषा मराठीच, पण कानाला परकी. सावली दिसली म्हणून एका पायरीवर आडवा झालो. ती चर्चची पायरी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

जाग आली ती बरगडीत खराट्याचं टोक टोचल्यामुळं. समोर एक सुकलेली, उंच म्हातारी.

"ऊठ रे. इथं झोपायचं असंल तर रविवारी ये, प्रवचनाच्या वेळी. तेव्हा सारेच झोपतेत."

मग तिनं माझे डोळे पाहिले आणि खराटा टाकला. देवाच्या नावानं भलं करणारी बाई गोड बोलत असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सालोमीबाईंच्या हातची पेज प्यावी. पेज वाढताना शिव्या पहिल्या, मीठ नंतर.

त्याच वेळी चर्चचे सेक्रेटरी विल्सनभाऊ स्कूटीवरून फाटकातून आत येत होते. बाई सरळ गाडीपुढं उभ्या राहिल्या.

"विल्सन, याले सरकारी दवाखान्यात सोड."

"बाई, मीटिंग है. आज युरोप घ्यायचा आहे."

"युरोप कुठं पळून नाही राहिला. हा पोट्टा मरून राहिला."

विल्सनभाऊंनी तोंडाला रुमाल बांधला, मला मागं बसवलं आणि सगळी वाट मान पुढं काढून गाडी चालवली. माझा श्वास मानेला लागू नये म्हणून. तरी नेलं. ते उपकार मी विसरलेलो नाही, मान पुढं काढून केलेले असले तरी.

दवाखान्यातून सुटल्यावर बाईंनी मला चर्चच्या मागच्या खोलीत टाकलं. तिथं घड्या घातलेल्या खुर्च्या, नाताळचा मोठा तारा आणि एक मुकी बाजाची पेटी ठेवलेली असायची. बाईंची स्वतःची खोली भिंतीला लागून. मला दिवसरात्र एकच काळजी: हे लोक माझा धर्म तर बदलणार नाहीत ना? आईही फोनवर तेच विचारायची. शेवटी एकदा धीर करून बाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत, चिडल्या.

"तुले बाटवून मी काय करू? रविवारी आमच्याच लोकांले खुर्च्या पुरत नाहीत. दोन खुर्च्यांवर तर तूच पाय पसरून राहिला."

मग जरा वेळानं त्यांनीच विचारलं, "तुझा देव कसा आहे?" मी बिरोबाबद्दल सांगितलं. घोंगडी, काठी, मेंढरं. बाई विचार करून म्हणाल्या, "मेंढरंवाला आहे? मग आमच्याच्या ओळखीचा असंल." त्या दिवसापासून माझी ती काळजी गेली. तिच्या जागी दुसरी आली, पण तिच्यासाठी मंगोलियाची गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मंडळीला जगाची काळजी घ्यायला लावलं होतं. दानाच्या पिशवीत देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येक घरानं एक उचलली. जो देश निघेल त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, महिन्याच्या पहिल्या रविवारी उभं राहून मंडळीला सांगायचं, आणि देवानं वाट उघडली तर एक दिवस तिथं सेवेला जायचं. विल्सनभाऊंना आधी कुठलासा वाळवंटी देश निघाला. त्यांनी चिठ्ठी चुरगळली, म्हणाले नीट वाचता येत नाही, आणि दुसरी उचलली. अशी दोन-तीनदा अक्षरं खराब निघाल्यावर त्यांना स्वित्झर्लंड मिळाला. सालोमीबाईंना पहिल्याच झटक्यात मंगोलिया.

"तिथं धान होते का?" बाईंचा पहिला प्रश्न. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून बाईंनी होते असं धरून चालायचं ठरवलं, आणि त्या एकट्याच नव्हत्या. जवळच्याच कामठ्याकडं शेती करणारी ही मंडळी. दुसऱ्यासाठी काही मागायचं म्हटलं की त्यांच्या तोंडी आधी भातच येतो. मी मागच्या खोलीतून कान देऊन ऐकायचो. पेरू देशाच्या धानावर तुडतुडे पडू नयेत. केनियात भाताचा रोवणा वेळेवर व्हावा. विल्सनभाऊंच्या बायकोनं तर डोळे मिटून, गळा भरून मागितलं होतं, "प्रभू, स्वित्झर्लंडच्या बांधीत पाणी टिकू दे." बर्फाच्या त्या डोंगरावर खाचरात चिखल करून भात रोवायला निघालेले गोरे लोक माझ्या डोळ्यांसमोर आले आणि कावीळ असूनही मला हसू फुटलं. एकालाही ते खटकलं नाही. आमेन म्हणून सगळे चहाला उठले.

अशात बातमी आली की या परदेश-सेवेचं काम पाहायला दिल्लीहून एक मोठे पाहुणे येणार. पाहुण्यांना काहीतरी दाखवायला हवं. विल्सनभाऊंनी भिंतीएवढा जगाचा नकाशा आणला आणि ठरवलं की मागची खोली म्हणजे आता 'परदेश-सेवा कार्यालय'. खुर्च्या मंडपवाल्याकडे जातील, तारा माळ्यावर जाईल. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त जाताना खोलीच्या दारातून माझ्याकडं आणि मग फाटकाकडं पाहिलं.

माझे डोळे अजून पिवळे होते. चार पावलं चाललं की दम लागायचा. गाडीचा मालक फोन उचलत नव्हता. आईला सांगायची हिंमत नव्हती. मी पिशवी भरून ठेवली. पेज घेऊन आलेल्या बाईंनी पिशवी पाहिली.

"कुठं जाऊन राहिला?"

"खोली लागणार आहे म्हणे, मावशी."

"कोणाले?"

"नकाशाला."

बाईंनी पेज खाली ठेवली आणि त्या शिवी न देताच गेल्या. मला त्याचीच भीती वाटली. त्या शिव्या देत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला. देशांची खबर सांगायचा. बाईंची पाळी आली तेव्हा मी दाराच्या फटीला डोळा लावून उभा होतो. बाई पदर सारखा करून उठल्या.

"मंगोलियाची कावीळ उतरून राहिली. डोळे पिवळे आहेत, पण भूक लागून राहिली. काल दोनदा पेज पिला. मंडळीनं प्रार्थना करावी, कारण मंगोलियाले राहायला जागा उरली नाही."

पोरं खिदळली. विल्सनभाऊ उठले. "बाई, मजाक मत करो. तो मुलगा मंगोलियाचा नाही."

"मग खरा मंगोलिया आणून दे. त्याचीबी पेज करीन."

पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. ते वाईट माणूस नव्हते. समजावून बोलले, "बाई, प्रभूनं आपल्याला जगाच्या टोकापर्यंत जायला सांगितलं आहे. गल्लीतच बसा असं नाही सांगितलं."

"हो जी. पण टोक कुठून मोजता? मंगोलियातून मोजलं तर कुडवाच टोकावर येते."

आता मोठी माणसंही हसली. पण पाळकसाहेब हरणारे नव्हते, आणि त्यांचं पुढचं बोलणं मलाही खरं वाटलं. ते म्हणाले, "तुमच्या आजीला दुष्काळात कोणी सांभाळलं? परदेशातून आलेल्या मडमेनंच ना? तिनंही आपली गल्लीच बरी म्हटलं असतं, तर आज तुम्ही कुठं असता?"

बाई हरल्याच, असं मला वाटलं. मी इकडं पिशवीचा बंद हातात घेतला.

मग बाई हळू म्हणाल्या, "खरं आहे जी. मडम आली म्हणून मी आहे. पण आल्यावर तिनं काय केलं? आजीच्या डोक्यातल्या उवा काढल्या. आजी सांगे, मडम बोलायची कमी अन् उवाच जास्त काढायची. जा ना तुम्ही मंगोलियाले, मी कायले अडवू? पण उवा काढायले जा. अन् उवा नकाशावर दिसत नाहीत, त्याच्यासाठी डोकं मांडीवर घ्यावं लागते."

पाळकसाहेबांनी मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "मुलगा राहील. नकाशा त्याच खोलीत लावा, त्याच्या वर."

तसंच झालं. खुर्च्या, तारा, पेटी, मी, आणि माझ्या डोक्यावर सगळं जग. पाहुणे आले. नकाशा पाहिला, मग खाली मला पाहिलं. "हा कोण?" मी घाबरून उठून बसलो. विल्सनभाऊ माझ्याआधी बोलले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, या वेळी रुमालाशिवाय, आणि म्हणाले, "सर, दूर से आया है. आमच्या सेवेचं हे पहिलं फळ." पाहुणे गहिवरले. फोटो निघाले. एका फोटोत विल्सनभाऊ मला पेज पाजताना आहेत. वाटी बाईंची, चमचाही बाईंचा, आणि बाई चौकटीच्या बाहेर.

बाईंनी दारातूनच ऐकवलं, "काल याले काढून राहिला होता, आज याचा फोटो काढून राहिला. विल्सन, चमचा धुऊन ठेवजो."

आता मी बरा आहे. कुडव्यातच मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला आहे. आधी मोटारींसाठी जमिनीला भोकं पाडायचो, आता जळालेल्या बाहेर येतात त्यांत नवी तार भरतो. खोली वेगळी घेतली आहे, पण रविवारी खुर्च्या मांडायला जातो. मी बिरोबाचाच आहे. बाईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मंडळीतून अजून कुणी परदेशी गेलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या बांधीतलं पाणी कसं आहे, देव जाणे. बाईंचे गुडघे गेले आहेत, खराटा आता मीच मारतो, आणि तो कसा मारू नये हे त्या पायरीवर बसून सांगतात. मला नावानं त्या कधीच हाक मारत नाहीत. "ए मंगोलिया, कोपरा राहिला!"

परवा झाडता झाडता म्हणालो, "मावशी, तुम्हाला एकदा आमच्या गावाला नेणार."

"कायले?"

"ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचा देश एकदा पाहावा, असं ठरलंय ना?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तिथं धान होते का?"

"नाही. बाजरी."

"मग मी खाऊ काय?"

मावशी, तांदूळ इथूनच घेऊ, पिशवी मी उचलीन. गाडीत खिडकीची जागा तुमची. आमच्या अंगणात बाजेवर बसा, आई तुमचे गुडघे चोळून देईल, आणि पेज मी करीन, शिव्या आणि मीठ दोन्ही घालून. हे मी फेडणार आहे. एक दिवस नेणारच.