मेरेआनानं ओढा बंद केला

आमच्या मराएच्या, म्हणजे कुळाच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात मेरेआनाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सत्तरी उलटली तरी बटाट्यांची पोती ती स्वतः ओढते. अर्धं आयुष्य तिनं शाळेची बस चालवली, त्यामुळे खोऱ्यातले बाप झालेले पुरुषही तिच्यासमोर पाय नीट घेऊन बसतात. तिला न घाबरणारा माणूस एकच, तिचा थोरला भाऊ रेवी. तोही घाबरतो, फक्त कबूल करत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्यांच्या आईच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं पांघरूण रीतीप्रमाणे चारचौघांत काढायचा दिवस ठरला होता. किनाऱ्यावरचे सोयरे येणार होते. त्यांनी मागच्या खेपेला आम्हाला शेवंडी वाढवाढून पोट फुटायची वेळ आणली होती. त्याची परतफेड एकाच गोष्टीनं व्हायची होती: आमच्या ओढ्यातले वाम मासे, रेवीच्या हातची मानुकाच्या लाकडाची धुरी दिलेले. ते ताटात नसले तर पिढ्यान्‌पिढ्या टोमणे ऐकावे लागतात. रेवीनं एकेक मासा धरून ओढ्यातच बुडवलेल्या लाकडी पेटीत जिवंत ठेवला होता.

आणि आयत्या वेळी रेवीची लाडकी कुत्री गेली. सकाळी ओढ्याकाठी हुंदडत होती, जेवणवेळेच्या आत झटके येऊन संपली. रेवीनं सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. झाडं खाणाऱ्या पोसम नावाच्या प्राण्यांना मारायला डोंगरात विषारी आमिषं टाकतात ना, मग आमच्याकडे कोंबडीनं अंडं दिलं नाही तरी दोष त्या आमिषांनाच. सगळ्या गावानं माना डोलावल्या. मेरेआनानं मात्र रबरी हातमोजे घातले आणि कुत्रीचं तोंड उघडून पाहिलं. दातांत वाळल्या कातड्यासारखं काहीतरी काळपट अडकलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता.

ती तशीच ओढ्यावर गेली. पाणी आटलेलं, पण तळ दिसावा इतकं नितळ. तळाच्या गोट्यांवर काळसर मखमली थर चढला होता आणि सुटून काठाला लागलेल्या त्याच्या खपल्या उन्हात वाळत होत्या. शेजारच्या खोऱ्यात अशाच शेवाळानं कुत्री मेल्याचं तिनं ऐकलं होतं. तिनं नदीचं पाणी तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी नमुना घेतला आणि सांगितलं की निकाल येईपर्यंत पाण्यात कुणी उतरू नये, त्यातलं काही खाऊ नये, आणि हे विष उकळून जात नाही.

रेवीला हे पटेना. "वाहतं पाणी आहे गं. आजोबांपासून आपण हेच खातोय. पेटीतले मासे काय दगड चाटायला गेले होते?"

"पेटी कुठल्या पाण्यात आहे?"

"साफ करीन नीट. वर धुरी दिली की काही राहत नाही."

"उकळून जात नाही ते धुरीनं जाईल?"

"मग सोयऱ्यांना काय वाढू, दुकानातले सॉसेज? आईच्या दिवशी? नाक कापलं जाईल आपलं."

"जाऊ दे कापलं. जेवण झालं की त्यांची पोरं ओढ्यात उड्या मारायला धावतील, त्याचा विचार केलास?"

दुसऱ्या दिवशी पहाटे वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हटली आणि मेरेआनानं वाटेवर दोर बांधून ओढ्यावर राहुई घातली. राहुई उठेपर्यंत कुणी पाण्याला शिवायचं नाही, की त्यातलं काही काढायचं नाही. मग गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून तिनं स्वतः पेटीचं झाकण उचललं. आईला हे मासे जिवापाड आवडायचे. ते काळ्या पाठीचे वाम एकामागून एक निसटले, आणि शेवटचा दिसेनासा होईपर्यंत ती झाकण धरून उभी राहिली. रेवी काठावर उभा होता. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं.

आईच्या दिवशी सकाळी बाईंचा निकाल आला: ओढ्यात तेच विष होतं. पाहुणे आले, दगडावरचं पांघरूण निघालं, पंगत बसली. जमिनीत भाजलेलं डुकराचं मांस होतं, रताळी होती, आणि मधोमध दुकानातले सॉसेज. सोयऱ्यांचा म्हातारा होहेपा जिभेचा तिखट. ताटाकडे बघत तो म्हणाला, "रस्ता चुकलो की काय आपण? इथं वाम मिळतात असं ऐकलं होतं." पंगतीत हशा पिकला. स्वयंपाकघराच्या दारात मेरेआनाचा चेहरा उतरला.

ती काही बोलायच्या आत रेवी उठला.

"माझ्या कुत्रीला आमच्याच ओढ्यानं मारलं, आणि मी शिव्या दिल्या सरकारला," तो म्हणाला. "वाम होते, होहेपा. पेटी भरून होते. मी तुला ते आग्रह करकरून वाढले असते आणि तुझ्या पोरांना ओढ्याची वाट दाखवली असती. हिनं मला करू दिलं नाही. म्हणून मी हिच्याशी बोलत नव्हतो. तुला आज जे वाढलं नाही ना, तोच आमचा पाहुणचार समज."

होहेपानं शेजारी बसलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यानं आपलं ताट उचलून मेरेआनापुढे धरलं.

"आणखी सॉसेज वाढ, ताई," तो म्हणाला.

मेरेआनानं ॲप्रनला डोळे पुसले आणि वाढले.