लष्करात ऐकलेला चार्ज

झाशी मागे पडली आणि कोवळ्या उन्हात ग्वाल्हेरचा किल्ला दिसू लागला, डोंगराच्या माथ्यावर लांबच लांब पसरलेला. माझं लक्ष मात्र त्यात नव्हतं. धाकट्या बहिणीला, कुसुमला, इथलं स्थळ सांगून आलं होतं आणि घर बघून यायला वडिलांनी मला साताऱ्याहून धाडलं होतं. मुलगा वसंत, वकिली शिकलेला. त्याचे वडील नानासाहेब सरकारी भांडाराचे अधिकारी.

टांगा लष्करात (शहराचा हा भाग, पूर्वीच्या छावणीवरून नाव पडलेलं) शिरला. नई सडकेवर कचोरी खायला उतरलो आणि दुकानदाराला घर विचारलं.

"अच्छा, वो चार्जवाले! बड़ा बुरा हुआ, साहब," म्हणत तो कढईकडे वळला.

कचोरी तशीच ठेवली. चार्ज म्हणजे आरोप. त्यात मध्यभारत राज्य मोडून नवं राज्य होत होतं, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. अशा वेळी भांडारं तपासली जाणारच.

दार वसंतच्या आईंनी उघडलं. "या न! हे चार्ज द्यायला गेलेत, येऊन जातील आत्ता."

हा चार्ज म्हणजे कामाचा ताबा, एवढं कळलं. पण देताहेत, की काढून घेतलाय?

वसंत आधीच खुर्चीत होता. नमस्कारही त्यानं बसूनच केला. किल्ला दाखवता का, विचारलं, तर उत्तर आईंनी दिलं, "त्याला काम आहे." माझ्या हातून तांब्या कलंडून पाणी त्याच्या पायांपर्यंत गेलं, तरी तो जागचा हलला नाही. जेवायला बोलावलं तेव्हा हा पाटावर हजर! या घरात काहीतरी दडवलं जात होतं, नक्की.

नानासाहेब दमून आले. "झालं. भोपाळच्या माणसाला किल्ल्या दिल्या."

मला राहवेना. "तुमच्यावर चार्ज आहे, असं बाजारात ऐकलं."

त्यांचा घास हातातच राहिला. आई म्हणाल्या, "आणखी भात वाढू का?"

"आई, पुरे आता," वसंत म्हणाला. "बाबांवर काही नाही. कचेऱ्या भोपाळला नेण्याविरुद्धच्या मोर्चावर लाठीचार्ज झाला, त्यात मी होतो."

भिंतीला धरून तो उठला आणि माझ्यापर्यंत चालत आला. डावा पाय फरफटत होता.

"लग्न ठरल्यावर सांगू, असं आईचं म्हणणं. मी गप्प बसलो, ते चुकलंच. मी साताऱ्याला येतो न. तुमच्या बहिणीसमोर चालून दाखवतो, मग त्यांनी ठरवावं."

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, संशय खरा होता, फक्त भलत्याच माणसावर धरला होता. शब्द एकच, बापाच्या हातून सुटला तो वेगळा, मुलाच्या पायावर बसला तो वेगळा. आणि मला त्याचा सगळ्यात वाईट अर्थच आधी सुचला होता.

घरी सगळं सांगितलं. कुसुमनं विचारलं, "पायाचं कुणी सांगितलं तुला?"

"त्यानंच."

"मग येऊ दे त्याला," ती म्हणाली.