पसरेल का, हे कोणीच सांगत नाही

मंडळी, तुम्ही सकाळपासून विचारताय, उशिरा लिहितो, माफ करा. आत्ताच बायकोला दवाखान्यातून घरी आणलं.

डॉक्टर म्हणाले, स्तनातल्या दुधाच्या नळीत कॅन्सर आहे, पण बाहेर पसरलेला नाही.

"पसरन का हो?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. काहींचा पसरतो, काहींचा तसाच राहतो. ऑपरेशनचं ठरवून कळवा."

बायको म्हणाली, "सोयाबीन ओल्या गोणपाटात ठेवलं का कोणता दाणा उगवते ते समजते. याचं काऊन नाही समजत?"

"तशी खात्रीची तपासणी अजून नाही, मावशी."

घरी येताच तिने पेरणीचं बी गोणपाटात गुंडाळून ठेवलं. मला तिकडे बघवत नाही. कापलं तर कदाचित उगाच, थांबलो आणि पसरला तर ती हातची जाईल.

तुमच्या घरात असं कोणाला झालं असेल, तर काय केलं ते लवकर कळवा हो.